अस्वस्थ पाय, अफूची गोळी आणि कॅलेंडरवरचे खाडे

मध्यरात्रीनंतर मनमाड जंक्शनवर लांब पल्ल्याची गाडी थांबते तेव्हा उतरणाऱ्यांची कारणं ठरलेली असतात. कोणाला चहा हवा असतो, कोणाला पाण्याची बाटली, कोणाला इथून शिर्डी गाठायची असते. त्यांत एखादा प्रवासी असा असतो की त्याला यातलं काहीच नको असतं. तो नुसता चालतो. डब्याच्या एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत झपाझप जातो, परत येतो, वाकून पोटऱ्यांवर मुठी मारतो. शिट्टी झाली की नाइलाजाने चढतो आणि गाडी नांदगावकडे वेग घेते न घेते तोच बर्थवर पुन्हा कूस बदलू लागतो. समोरच्यांना वाटतं, पोट बिघडलं असेल किंवा घरी काहीतरी काळजीचं असेल. त्याला विचारलं तर तोही अडखळतो. "पायात ते सुरू झालंय," एवढंच म्हणतो.

या 'ते'ला वैद्यकात रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात; मराठीत सरळ अस्वस्थ पायांचा विकार म्हणू. या विकारावर कधीकधी, अगदी मोजक्या रात्रींसाठी, अफूवर्गातली औषधं वापरली जातात. ती वापरावीत का, कोणी, किती आणि आपल्याकडच्या परिस्थितीत हे जमतं का, या प्रश्नाचा हा आढावा. मनमाडसारखं गाव त्यासाठी सोयीचं आहे. रात्रपाळी, रेल्वे, अपुरी झोप आणि चहा हे सगळं इथे एका फलाटावर भेटतं.

दुखणं नेमकं कोणतं

घरोघरी या त्रासाची वर्णनं आधीपासून आहेत. पोटऱ्यांत वळवळ होते, हाडांतून मुंग्या चालतात, पाय आतून ओढतात, पाय ठेवावे कुठे हे कळत नाही. उपायही जुनेच. पोटऱ्यांना फडकं घट्ट बांधून झोपायचं, नातवंडाला पायांवर उभं करायचं, काशाच्या वाटीने तळपाय घासून घ्यायचे. या उपायांनी तात्पुरतं बरं वाटतं हे खरंच आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये गुडघ्याखाली बांधायच्या एका यंत्राला मान्यता मिळाली. ते पायाच्या नसेला सौम्य विद्युत संवेदना देऊन स्नायू कामाला लावतं. पाय चालल्याचा भास मेंदूला द्यायचा, हे त्यामागचं तत्त्व. पाय चेपून घेणाऱ्या आजीला ते समजावून सांगावं लागलं नसतं.

निदानाला रक्ताची किंवा यंत्राची तपासणी नाही, पाच खुणा आहेत. पाय हलवण्याची अनावर इच्छा होते, बहुधा त्यासोबत विचित्र संवेदना असतात. बसलं किंवा पडलं की ती सुरू होते किंवा वाढते. चाललं, पाय ताणले की ती कमी होते, निदान चालणं सुरू असेपर्यंत. संध्याकाळी आणि रात्री ती जास्त असते. आणि पाचवी खूण म्हणजे दुसऱ्या कुठल्या आजाराने हे सगळं होत नसतं. या पाचव्या खुणेवरच बरीच गफलत होते. पोटरीत गोळा येणं हा वेगळा प्रकार, त्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो. मधुमेहातली पायांची जळजळ चाललं म्हणून थांबत नाही. आणि ज्याला 'बसल्याजागी पाय हलवू नको, लक्ष्मी जाते' म्हणून घरात ओरडा बसतो त्याची ती नुसती सवय असते. पाय थांबवले तर त्याचं काही बिघडत नाही.

युरोप-अमेरिकेतल्या पाहण्यांत हा विकार शंभरात पाच ते दहा माणसांना आढळतो. त्यातल्या बहुतेकांना तो कधीमधी होतो. औषध घ्यावं इतका त्रास असणारे त्यांच्यातले थोडेच. बेंगळुरूच्या एका शहरी पाहणीत हे प्रमाण सुमारे २ टक्के निघालं. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि डायलिसिसवर असलेल्यांत ते बरंच वाढतं.

सतराव्या शतकातली एक बाई

या विकाराचं पहिलं वैद्यकीय वर्णन इंग्लंडच्या थॉमस विलिस या वैद्याने १६७२ मध्ये लॅटिनमध्ये केलं. अंथरुणाला पाठ टेकताच हातपाय उसळू लागतात आणि रुग्णाला यातनागृहात टाकल्यासारखी रात्र काढावी लागते, असा त्याचा आशय. त्याच्याकडे आलेल्या एका खानदानी बाईला त्याने लॉडेनम म्हणजे अफूचा अर्क दिला. तो तिने सुमारे तीन महिने घेतला, मेंदूला काही इजा झाली नाही. दरम्यान दुसऱ्या औषधांनी तिचा रक्तदोष सुधारल्यावर अफू पूर्ण सुटली आणि तिला बऱ्यापैकी झोप येऊ लागली, असं विलिस नोंदवतो.

रक्तदोष म्हणजे नेमकं काय हे विलिसला सांगता येणं शक्य नव्हतं. तरी उपचाराचा क्रम त्याने अचूक धरला होता. अफूने रात्र सावरायची, तेवढ्यात रक्त सुधारायचं आणि मग अफू सोडायची. पुढची साडेतीन शतकं वैद्यक या क्रमातल्या पहिल्या पायरीवरून दुसऱ्या टोकाला गेलं, तिथून परत आलं आणि आज पुन्हा जवळपास त्याच जागी उभं आहे.

स्वीडनचे मेंदूविकारतज्ज्ञ कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये या विकारावर सविस्तर ग्रंथ लिहिला आणि आजचं नाव दिलं. रक्तक्षय असलेल्यांत आणि वारंवार रक्तदान करणाऱ्यांत तो जास्त दिसतो हे त्यांनी टिपलं. पुढच्या दशकात त्यांच्याच देशात नॉर्डलँडर यांनी शिरेतून लोह देऊन रुग्णांना आराम पडतो हे दाखवलं. विलिसच्या 'रक्तदोषा'ला नाव मिळालं ते असं.

आधी रक्त

आज जे समजतं ते थोडक्यात असं. मेंदूच्या काही भागांत लोह कमी पडतं, कधीकधी रक्तातलं लोह ठीक दिसत असतानाही. डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं द्रव्य तयार करायला लोह लागतं, त्यामुळे हालचालींवरचं डोपामिनचं नियंत्रण बिघडतं, आणि तेही दिवसाच्या ठरावीक वेळी. म्हणून त्रास रात्रीचा.

यातून निघणारा व्यवहार साधा आहे, तरी तो नेमका चुकतो. रुग्ण हिमोग्लोबिन करून घेतो, ते १२-१३ येतं, डॉक्टर म्हणतात रक्त चांगलं आहे. खरी तपासणी फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची. प्रयोगशाळेच्या कागदावर फेरिटिन २५ आलं तरी 'नॉर्मल'च्या रकान्यात बसतं. या विकारात मात्र मोठ्या माणसाचं फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असेल, किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारं प्रथिन किती भरलेलं आहे तो आकडा) २० टक्क्यांखाली असेल, तर लोह द्यावं असा आताचा सल्ला आहे. फेरिटिन ७५ ते १०० च्या मधे असेल तर पोटातून घेतलेल्या गोळ्यांचा उपयोग होत नाही, शिरेतूनच द्यावं लागतं. अंगात दाह किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून दोन्ही आकडे एकत्र पाहायचे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत रक्तक्षयाचं प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होतं, आधीच्या फेरीपेक्षा जास्त. त्यामुळे पाय तळमळतात म्हणून येणाऱ्या बाईला अफूवर्गीय गोळी सोडाच, कुठलीही झोपेची गोळी देण्याआधी फेरिटिन पाहिलं नसेल तर सुरुवातच चुकली. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर फुकट जाते, हेही सांगायला हवं. आपल्याकडे सकाळची गोळी आणि सकाळचा चहा यांत पाच मिनिटांचंही अंतर नसतं.

रक्तानंतर पाहायची ती घरातली औषधांची पेटी. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन असतं. खाज-पित्तासाठीची एव्हिल, ओकारीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करीसाठीची स्टेमेटिल, नैराश्यावरची कित्येक औषधं, ही सगळी पायांची वळवळ वाढवू शकतात. सर्दीची गोळी घेऊन झोप लागण्याऐवजी रात्रभर पाय नाचले, हा अनुभव ज्यांना आहे त्यांचं निदान निम्मं झालंच. मद्य आणि रात्रीचा चहाही याच यादीत.

यातली विसंगती पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे बहुतेकांना कोडीन हे अफूवर्गीय औषध ठाऊक झालं ते खोकल्याच्या सिरपमधून, आणि त्यातल्या बऱ्याच सिरपांत जोडीला क्लोरफेनिरामिन असायचं. एक घटक पाय शांत करणारा, दुसरा पाय चाळवणारा, एकाच चमच्यात. या जोडीच्या सिरपवर केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये बंदी घातली, कारणं अर्थात वेगळी होती.

डोपामिनची चढती आणि उतरती कळा

तुर्कस्तानच्या अकपिनार यांनी १९८२ मध्ये पार्किन्सनसाठीचं, मेंदूत डोपामिन वाढवणारं लेव्होडोपा या विकारावर चालतं असं कळवलं, आणि अफू मागे पडली. पुढे रोपिनिरोल आणि प्रॅमिपेक्सोल आली. पहिल्याच रात्री पाय शांत. रुग्ण डॉक्टरच्या पाया पडायचे बाकी राहायचे.

मग हिशेब चुकता करायची वेळ आली. १९९६ मध्ये अ‍ॅलन आणि अर्ली या अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की लेव्होडोपावर असलेल्या रुग्णांचा त्रास हळूहळू लवकर सुरू होऊ लागतो. आधी रात्री दहाला व्हायचा तो संध्याकाळी सहाला, मग दुपारी. पायांतून तो हातांत चढतो. डोस वाढवला की आठवडाभर बरं, पुढे आणखी वाईट. याला ऑगमेंटेशन म्हणतात. साध्या भाषेत, औषधच रोगाला खतपाणी घालतं. रोपिनिरोल-प्रॅमिपेक्सोलवरही हेच घडलं, फक्त सावकाश. शिवाय काहींना जुगाराचा, खरेदीचा अनावर नाद लागला.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने नवी मार्गदर्शिका काढली. तिने ही औषधं नेहमीच्या वापरातून मागे घ्यायला सांगितलं आणि पहिल्या फळीत लोह आणि नसांच्या दुखण्यावरची गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन यांना बसवलं. अफूवर्गीय औषधांना तिने सशर्त जागा दिली: सगळ्यांना नाही, पण दारही बंद नाही.

अफूवर्गाचा पुरावा

अफूवर्गात खसखशीच्या बोंडातून निघणारी मॉर्फिन-कोडीन येतात, बोंडातल्याच द्रव्यांपासून बनवलेली ऑक्सिकोडोनसारखी येतात आणि कारखान्यात घडलेली ट्रॅमाडॉल, मेथाडोनसारखीही येतात. मेंदूतल्या एकाच प्रकारच्या खुंट्यांवर ती जाऊन बसतात म्हणून एका घरची. शरीर स्वतःही अशीच द्रव्यं बनवतं. या विकाराने ग्रासलेल्या मोजक्या लोकांच्या मरणोत्तर मेंदूतपासणीत ही आपली-आपली अफू कमी आढळली आहे. आणि औषधाने बरं वाटणाऱ्या रुग्णाला अफूचा उतारा असलेलं नालॉक्सोन दिलं तर वळवळ परत येते, हेही पाहिलं गेलं आहे. म्हणजे आराम नुसत्या गुंगीचा नाही, औषध नेमक्या जागी काम करतं.

माणसांवरच्या चाचण्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. १९९३ मध्ये वॉल्टर्स आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिकोडोनची दुहेरी-अंध चाचणी केली, रुग्ण होते ११. मोठी चाचणी व्हायला २०१३ उजाडलं. ट्रेंकवाल्डर यांच्या नेतृत्वाखाली युरोपात सुमारे तीनशे रुग्णांवर, ज्यांना इतर औषधं लागू पडली नव्हती अशांवर, ऑक्सिकोडोन आणि नालॉक्सोन यांची जोडगोळी १२ आठवडे वापरली गेली. ४० पैकी मोजायच्या तीव्रतेच्या गुणांकात सुरुवातीला सगळे ३१-३२ च्या घरात होते. औषधाच्या गटात तो १५ पर्यंत उतरला, खोट्या गोळीच्या गटात २२ पर्यंत. खोट्या गोळीनेही नऊ-दहा गुण कमी झाले, हे वाचताना नजरेआड करू नये. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्याला निकषांत बसणारी ही एकच चाचणी सापडली.

दीर्घकाळाचं काय? बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ विंकेलमन यांनी अमेरिकेत या विकारासाठी अफूवर्गीय औषध घेणाऱ्या शेकडो रुग्णांची नोंदवही ठेवली आहे. त्यातल्या बहुतेकांचा डोस दोन वर्षांत फारसा वाढला नाही. कंबरदुखीसाठी दिल्या जाणाऱ्या डोसांच्या मानाने तो कमीच होता. पण ही माणसं निवडक आहेत. डोपामिनच्या औषधांनी पोळलेली, वर्षानुवर्षं त्रासलेली आणि रोज औषध घेणारी. त्यांच्यावरून महिन्यातून चार रात्री तळमळणाऱ्याचा निष्कर्ष काढता येत नाही. अधूनमधून घेण्याबद्दलचं मार्गदर्शन मोठ्या चाचण्यांवर उभं नाही, ते तज्ज्ञांच्या अनुभवावर आणि एकमतावर उभं आहे. डॉक्टरने हे रुग्णाला तसंच सांगावं.

'अधूनमधून' म्हणजे किती

अमेरिकेतल्या रुग्णसंघटनेच्या वैद्यकीय मंडळाने २०२१ मध्ये या विकाराचे तीन प्रकार केले. सरासरी आठवड्यातून दोनदापेक्षा कमी होणारा तो अधूनमधूनचा. दोनदा किंवा जास्त होणारा तो कायमचा. आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारा तो हट्टी. कायमच्या आणि हट्टी प्रकारात रोजच्या औषधाचा विचार होतो. अधूनमधूनच्या प्रकारात आधी चहा, सर्दीची गोळी, लोह यांचा बंदोबस्त, आणि त्यानंतरही राहिलेल्या रात्रींसाठी गरजेपुरती गोळी. त्या गोळीसाठी तीन पर्याय आहेत: थोडं लेव्होडोपा, झोपेच्या वर्गातली गोळी, किंवा कोडीन-ट्रॅमाडॉलसारखं सौम्य अफूवर्गीय औषध.

तिन्हींचे खोडे वेगळे. लेव्होडोपा आठवड्यातून दोन-तीनदाच्या वर गेलं की ऑगमेंटेशनची वाट मोकळी. झोपेच्या वर्गातल्या क्लोनाझेपामचा असर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेंगाळतो, म्हाताऱ्या माणसाला रात्री लघवीला उठताना पाडतो, आणि २०२५ च्या मार्गदर्शिकेने ते या विकारासाठी नकोच असा कल दाखवला आहे. ट्रॅमाडॉल-कोडीन त्या मानाने लवकर उतरतात. पण कोडीनचं यकृतात मॉर्फिन व्हावं लागतं. काहींच्या शरीरात ते होतच नाही, काहींच्यात धोकादायक वेगाने होतं. ट्रॅमाडॉलने फिट येऊ शकते, नैराश्याच्या काही औषधांशी त्याचं जमत नाही, आणि अफूवर्गातलं असूनही त्यानेच ऑगमेंटेशन झाल्याच्या नोंदी आहेत.

मग ही गोळी कुठल्या रात्रींची? ज्या रात्री पळवाट नसते त्या. पायाला प्लास्टर आहे. उद्या शस्त्रक्रिया आहे आणि आज खाटेवरून उठायला बंदी आहे. एमआरआयच्या नळीत अर्धा तास निश्चल पडायचं आहे. विमानात बारा तास बसायचं आहे. मनमाड ते मुंबई हे अडीचशेवर किलोमीटर पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसून जायचे असतील तर मात्र गोळी हा पहिला उपाय नव्हे. सकाळच्या वेळी त्रास मुळात कमी असतो, गल्लीकडेची जागा मिळाली की उठता येतं, शब्दकोड्यात किंवा पत्त्यांत डोकं गुंतलं की वळवळ मागे हटते. नाटकाला जाणाऱ्याने रांगेच्या टोकाची खुर्ची मागून घ्यावी. शेजाऱ्याला तुडवत बाहेर पडण्याची लाज त्यातून वाचते. गोळी घ्यायचीच ठरली तर ती परिणामाला पाऊण-एक तास घेते. पाय बेभान झाल्यावर घेतली तर तो तास सोसावाच लागतो.

आणि एक नियम, जो कुठल्याही पट्टीवर छापलेला नसतो. ज्या आठवड्यात तिसरी गोळी लागली, त्या आठवड्यात चौथी घेण्याआधी डॉक्टरकडे जायचं. विकार अधूनमधूनचा राहिलेला नाही, किंवा औषध अधूनमधूनचं राहिलेलं नाही, यांपैकी एक झालेलं असतं. दोन्हींचा उपाय वेगळा आहे आणि रुग्णाला आतून दोन्ही सारखंच वाटतं.

हे सारखं वाटणं नीट समजून घ्यायला हवं. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात गर्दुल्ल्यांचा एक शब्द आहे, टर्की. नशेचा पदार्थ बंद झाल्यावर अंगात जे थैमान सुरू होतं ते. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या आणि अनिल अवचटांच्या 'गर्द' या पुस्तकाच्या निमित्ताने मराठी वाचकाला ते जग जवळून दिसलं. अफूवर्गाच्या टर्कीत नाक गळतं, पोट बिघडतं, आणि पाय स्वस्थ राहत नाहीत. रोज गोळी घेणाऱ्याने एक रात्र चुकवली आणि पाय उसळले, तर तो म्हणतो, बघा, मला गोळीशिवाय चालतच नाही, रोग वाढलाय. तो रोग असेल किंवा टर्कीची चाहूल असेल. महिन्यातून तीन-चार रात्री घेणाऱ्याला या कोड्यात पडावं लागत नाही. कमी रात्री घेण्याचा मोठा फायदा हा. व्यसनाचा धोका त्यात कमी असतोच, शिवाय कुठला त्रास पायांचा आणि कुठला गोळीचा, हेही ओळखता येतं.

कागद, कायदा आणि 'कुत्ता गोळी'

आपल्या इतिहासात अफू मोजून घेण्याची सवय फारशी दिसत नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि त्या व्यापारावर मुंबईतली मोठी घराणी उभी राहिली. त्याच मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना गप्प झोपवायला बाळागोळी द्यायच्या, तिच्यात अफू असायची. पाळी दहा-बारा तासांची, घरात दुसरं माणूस नाही. दुसरा इलाज नव्हता म्हणून दिलेली ती गोळी रोजचीच व्हायची.

आज कायदा कडक आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ ला दुरुस्ती होऊन मॉर्फिन, कोडीन, ऑक्सिकोडोन, मेथाडोन यांच्यासह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली, म्हणजे रुग्णांपर्यंत ती पोचावीत यासाठी नियम सुटसुटीत झाले. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ मध्ये याच कायद्याखाली आलं. ट्रॅमाडॉल आणि कोडीन औषध नियमांच्या एच-१ यादीतही आहेत: चिठ्ठीशिवाय विक्री नाही, दुकानदाराने वेगळ्या वहीत रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्याने खसखशीची शेती होते, तरी तालुक्याच्या गावी कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन मिळवताना नातेवाइकांच्या चपला झिजतात. पायांच्या तळमळीसाठी ऑक्सिकोडोन-मेथाडोन मिळण्याचा विचार मनमाडच्या रुग्णाने न केलेलाच बरा. त्याच्या वाट्याला व्यवहारात ट्रॅमाडॉल येतं.

दुसरीकडे गळती. मनमाडहून मालेगाव जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर. तिथल्या पोलीस कारवायांच्या बातम्यांत 'कुत्ता गोळी' हे नाव वर्षानुवर्षं येतंय. ती मुळात अल्प्राझोलाम, चिंतेवरची गोळी, अफूवर्गातली नव्हे. कोडीनच्या सिरपच्या बाटल्याही जप्तीत सापडतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत देशातल्या १० ते ७५ वयाच्या सुमारे २ टक्के लोकांनी वर्षभरात अफूवर्गातलं काहीतरी घेतल्याचं निघालं. बेंगळुरूतला अस्वस्थ पायांचा आकडाही सुमारे २ टक्के होता. योगायोगच, पण बोलका. एवढी माणसं हे औषध नशेसाठी शोधतात म्हणून डॉक्टर लिहायला कचरतो आणि दुकानदार ठेवायला कचरतो. ज्या थोड्यांना ते चार रात्रींसाठी हवंय त्यांना एक तर नकार मिळतो, नाहीतर घरातल्याच कुणाच्या कंबरदुखीची उरलेली पट्टी.

ही उरलेली पट्टी सगळ्यात धोक्याची. तिच्यावर बाईचं नाव असतं, घेतो नवरा. त्याला मधुमेह असतो, तो नैराश्याची गोळी घेत असतो, त्याने त्या संध्याकाळी दोन पेग घेतलेले असतात, आणि ती पट्टी लिहून देणाऱ्या डॉक्टरला यातलं काहीच ठाऊक नसतं. दारू किंवा झोपेची गोळी आणि अफूवर्ग एकत्र आले की श्वास मंदावतो. माणसं दगावतात ती बहुधा अशाच मिश्रणांनी.

कोणी थांबावं

घोरताना ज्याचा श्वास अडकतो, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया आहे, त्याने आधी त्याची तपासणी करावी. त्यावर उपचार न करता रात्री अफूवर्गीय औषध घेणं म्हणजे अडकलेल्या श्वासावर आणखी ओझं. ज्याला दारूचं किंवा दुसरं व्यसन होतं त्याने लपवू नये. नकारच मिळेल असं नाही, पण देखरेख घट्ट लागेल. मूत्रपिंड निकामी झालेल्यांत कोडीन-मॉर्फिनचे अवशेष साठतात, म्हणून ती टाळायची. गॅबापेंटिनचाही डोस उतरवावा लागतो. डायलिसिसच्या खुर्चीत चार तास पाय न हलवता बसणं हीच या विकाराची कठोर परीक्षा. त्या रुग्णांचा इलाज किडनीच्या डॉक्टरनेच ठरवावा. गर्भारपणात लोह, पाय ताणणं, चेपणं यांवर भागवावं. बहुतेकींचा त्रास बाळंतपणानंतर आपोआप जातो.

आणि मनमाडपुरता एक गट वेगळा: रात्रपाळीचे, त्यातही गाडी चालवणारे. लोको पायलट ड्युटीवर हजर होताना श्वासाची तपासणी होते, ती दारू पकडते, गोळी पकडत नाही. पहाटे दोनला घेतलेल्या ट्रॅमाडॉलवर सकाळी सहाला इंजिनात चढणं, किंवा जवळच्या पानेवाडीच्या डेपोतून इंधनाचा टँकर काढणं, यात फसवणूक स्वतःची आणि धोका इतरांचा. अशांनी हा त्रास रेल्वेच्या किंवा कंपनीच्या डॉक्टरला सांगायला हवा. ते सांगत नाहीत, कारण वैद्यकीय दर्जा उतरेल, पाळी बदलेल, भत्ता जाईल ही भीती. ती भीती खोटी नाही. पण त्यांच्यासाठी क्रम आणखीच स्पष्ट आहे: फेरिटिन, चहा, पाळ्यांचं वेळापत्रक, गॅबापेंटिन वगैरे, आणि अफूवर्ग फक्त लागोपाठच्या सुटीच्या रात्री.

दुधाचा खाडा

मराठी घरात भिंतीवर कॅलेंडर असतं आणि त्यावर दुधाचे खाडे मांडलेले असतात. ज्या दिवशी दूध आलं नाही त्या तारखेवर खूण. महिन्याच्या शेवटी गवळ्याचा हिशेब त्यावरून होतो, कोणाचीही हुज्जत चालत नाही.

अस्वस्थ पायांसाठी गोळी घेणाऱ्याला याहून चांगलं उपकरण मिळणार नाही. ज्या रात्री गोळी घेतली त्या तारखेला गोल करायचा. ज्या रात्री पाय तळमळले पण गोळी न घेता निभावलं, तिथे फुली. बाकी चौकोन कोरे. हे कॅलेंडर डॉक्टरकडे घेऊन जायचं. डॉक्टरला त्यात दिसतं ते रुग्णाच्या आठवणीत कधीच नसतं. गोल कमी आणि फुल्याही कमी झाल्या, तर लोह लागू पडतंय. गोल वाढले आणि फुल्या नाहीशा झाल्या, तर गोळी सवयीची होतेय. गोल-फुल्या दोन्ही वाढल्या, तर विकार पुढे सरकलाय आणि रोजच्या औषधाचा विचार करायला हवा. ऑगस्टमध्ये तीन गोल, सप्टेंबरमध्ये पाच, गणपतीच्या आठवड्यात सलग चार; एवढ्या नोंदीवर जे कळतं ते कुठल्याही महागड्या तपासणीत कळत नाही.

विलिसच्या त्या बाईने असं कॅलेंडर ठेवलं नसणार. तिची अफू सुटली ती तिचं रक्त सुधारलं म्हणून. आज मनमाडच्या एखाद्या बाईचं फेरिटिन पंधरावरून ऐंशीवर गेलं की तिच्या कॅलेंडरवरचे गोलही एकेक करून विरळ होतात आणि महिन्याच्या शेवटी नुसते खाडे उरतात. दुधाच्या बाबतीत खाडा म्हणजे गैरसोय. इथे खाड्यांची बेरीज जितकी मोठी, तितका इलाज बरा चाललाय.